गाड्यावर नाव

गेल्या साली दिवाळी झाल्यावर चाकणच्या तळेगाव चौकात आमची पिकअप पाऊण तास अडकून पडली. हा चौक ज्याला माहीत आहे त्याला यात काही नवल वाटायचं नाही. पुढं कंटेनर, मागं कंटेनर, मधी कंपनीच्या बसा, आणि त्यातनं वाट काढणारी मोटारसायकलवरची पोरं. नवल वाटत होतं ते लोकांना, आमच्या गाडीकडं बघून. हौद्यात प्लास्टिकच्या तीन लांबुळक्या होड्या, एक लाल न् दोन पिवळ्या. त्यांच्यावर मागच्या फाळक्यापासून केबिनच्या टपापर्यंत तिरकी चढवलेली एक पांढरी शिडाची होडी. शेजारच्या टेम्पोवाल्यानं मुंडकं बाहेर काढलं आणि विचारलं, "काय मामा, पूर आला का काय कुठं?"

पोरगं स्टिअरिंगवर बसून हसलं. पिकअप त्याचीच. आमची काही जमीन एमआयडीसीत गेली, त्या पैशाचं घर झालं, थोरलीचं लग्न झालं आणि उरल्यात या गाडीचा पहिला हप्ता. कंपन्यांचा माल, कांदा, मांडवाचं सामान, मिळेल ते भाडं मारतो. होड्यांचं भाडं पहिल्यांदाच आलं होतं. पवना धरणाच्या काठी तंबू टाकून राहायची सोय करणाऱ्या एकानं त्या मागवल्या होत्या. पवना म्हटल्यावर मी म्हटलं, मीही येतो. आक्का तिकडंच आहे.

चौकात बसल्या बसल्या मला वडलांची एक म्हण आठवली. कधी गाड्यावर नाव, कधी नावेवर गाडा. कुणाचे दिवस फिरले की वडील ती हमखास काढायचे. म्हणीचा अर्थ सगळ्यांनाच ठाऊक आहे, पण आमच्या घरात तिच्यातल्या दोन्ही गोष्टी खरोखरीच्या होऊन गेल्यात. आजोबांनी नावेवर गाडा घातला होता आणि मी गाड्यावर नाव. ते लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

आजोबा बैलगाडीनं पंढरपूरला जायचे. वाटंत भीमा आडवी येई. पाणी उतरलेलं असलं की उताराच्या जागी बैल सरळ पाण्यात घालायचे, चाकाच्या आसापर्यंत पाणी आलं तरी बैल ओढून नेत. पण नदीला पाणी असलं की तरीवर थांबायचं. तर म्हणजे नावेची जागा. नाव चालवणारे कोळी नाहीतर भोई. गाडीची चाकं काढायची, साटा वेगळा करायचा, जू वेगळं, आणि सगळं नावेत आडवं रचायचं. बैल नावेत घेत नसत. त्यांचे कासरे नावेतल्या माणसानं धरायचे आणि बैल शेजारनं पोहत यायचे. पलीकडं गेल्यावर पुन्हा गाडी जुळवायची. आजोबा सांगायचे, एवढ्यात अर्धा दिवस जाई आणि त्यात कुणाची घाई नसे.

आमचं गाव भामेच्या काठी. भामा काही भीमेएवढी नदी नव्हे, पण आषाढात तीही अंगावर येई. आमचं निम्मं रान पलीकडच्या तीराला. मग पावसाळ्यात करायचं काय? आमच्याकडं नाव नव्हती, काहिल होती. तरुण वाचकांपैकी कितीकांनी काहिल पाहिली असेल कोण जाणे. गुऱ्हाळात उसाचा रस ज्यात आटवतात ती लोखंडी पत्र्याची मोठी थोरली, पसरट कढई. गुऱ्हाळ संपलं की ती पालथी पडून असायची. पावसाळ्यात तीच नदीवर यायची. चार-पाच माणसं तीत उकिडवी बसत, मधी बियाण्याचं पोतं, आणि दोन पोहणारे गडी कडेला धरून पाय मारत ढकलत नेत. काहिलीला पुढा नाही, मागा नाही. धारेला लागली की भोवऱ्यासारखी गरगरायची. बायका डोळे मिटून विठ्ठलाचं नाव घेत. पश्चिम महाराष्ट्रात किती तरी गावं अशी काहिलीतनं नदी ओलांडायची. काहिल नसली तर वाळल्या भोपळ्यांची सांगड, तीही नसली तर पांगाऱ्याचं हलकं लाकूड पोटाखाली.

आमची काहिल वडलांनी पाव्हण्यांच्या गुऱ्हाळातनं आणली होती, बैलगाडीवर पालथी घालून. काहिल गाडीपेक्षा रुंद. खुट्यांच्या वर लाकडं आडवी टाकून तिच्यावर ती ठेवली होती, वरनं चऱ्हाटानं आवळली होती. मी तेव्हा पाच-सहा वर्षांचा असेन. लांबनं बघणाऱ्याला वाटावं, कासव चाललंय. खडकाळ वाटंला चाक आदळलं की काहिल घंटेसारखी वाजायची आणि बैल बुजायचे. वडलांनी शेवटी आपलं धोतराचं पटकूर आणि दोन पोती मधी कोंबली तेव्हा आवाज थांबला. लोखंडाखाली मऊ काहीतरी पाहिजे, हा धडा मी तिथं शिकलो. तो पुढं मला भोसरीला उपयोगी पडला.

जमिनीवरनं नाव वाहून न्यायची गोष्ट तशी जुनी. ती जास्त करून फौजांना करावी लागायची. आमच्या चाकणच्या संग्रामदुर्गाला १६६०च्या पावसाळ्यात शाहिस्तेखान ५६ दिवस वेढा घालून बसला आणि फिरंगोजी नरसाळा आतून लढला. त्या वेळी किल्ल्याच्या खंदकात पाणी होतं आणि भोवती चिखल. मोगलांचा दारूगोळा भिजला तो या मावळी पावसानं. पुढं १८०३ साली इंग्रजांचा आर्थर वेलस्ली, ज्यानं पुढं नेपोलियनला हरवलं तोच, म्हैसुराकडून पुण्यावर आला. दख्खनच्या नद्या पावसाळ्यात फौज अडवतात हे त्यानं ओळखलं होतं. त्यानं वेताच्या विणलेल्या, कातड्यानं मढवलेल्या टोपलीसारख्या नावा बनवून घेतल्या. त्या हलक्या, जिथं नदी आडवी येईल तिथं कामाला येणाऱ्या. मी हे वाचलं तेव्हा मला आमची काहिलच दिसली. गोल, पुढा-मागा नसलेली. साहेबाची कातड्याची, आमची लोखंडाची, एवढाच फरक.

फौजेच्या नावा गाडीवर मी डोळ्यांनी पाहिल्या त्या दापोडीला. लष्कराच्या इंजिनिअरांचं मोठं कॉलेज १९४८ साली रुरकीहून दापोडीला आलं. पलीकडं खडकीला बॉम्बे सॅपर्सचं ठाणं त्याच्याही आधीपासनं. नदीवर पूल टाकायचा, नावांनी फौज उतरवायची, हे त्यांचं काम. लहानपणी वडलांबरोबर चाकणहून एसटीनं पुण्याला जाताना हिरव्या ट्रकांची रांग दिसायची आणि ट्रकांवर एकावर एक पालथ्या घातलेल्या नावा. मी वडलांना विचारायचो, यांची नदी कुठाय? ते म्हणायचे, "ज्या गावाला जातील त्या गावाची." पुढं याच दापोडीत लष्करानं वल्हवायच्या शर्यतीची पोरं तयार केली. आपल्या चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ, दुष्काळी गावचा, विहिरी खोदणारा पोरगा, लष्करात गेला, वल्हं धरलं आणि २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकला पोचला. जगात तेरावा आला. ज्याच्या गावात प्यायला पाण्याचा टँकर, तो नावेच्या शर्यतीत. हे मला अजून मोठं वाटतं.

आता टेम्पोचं सांगतो, त्याशिवाय पुढचं समजायचं नाही. आपण कुठल्याही माल वाहायच्या गाडीला टेम्पो म्हणतो. हा शब्द मराठी नाही की इंग्रजीही नाही, ते जर्मनीतल्या हँबर्गच्या एका कंपनीच्या गाडीचं नाव. नगरचे स्वातंत्र्यसैनिक नवलमल फिरोदिया यांनी १९५८ साली बजाजांबरोबर बजाज टेम्पो काढली, आणि पुढं कारखाना आकुर्डीला आला. त्यांची तीन चाकांची गाडी खेड्यापाड्यात अशी पसरली की कंपनीचं नावच गाडीचं नाव होऊन बसलं. पुढं एकच चाक, इंजिन त्या चाकावरच बसवलेलं आणि गाडी ओढायचं कामही त्याच चाकाला. मागं दोन चाकं न् हौदा. बाजारात माल न्यायला बैलगाडीला जिथं रात्र लागायची तिथं टेम्पो दोन तासांत. मात्र मागं वजन जास्त झालं की पुढचं चाक उचलायचं, आणि ते उचललं की वळवायलाही काही राहत नसे न् ओढायलाही.

माझी थोरली बहीण, आक्का, माझ्याहून दहा-अकरा वर्षांनी मोठी. तिला मावळात दिली, तुंग किल्ल्याच्या पायथ्याच्या अंगाला एका वाडीवर. लग्न झालं तेव्हा पवनेवर धरणाचं काम चालू होतं. पवना तिथं उन्हाळ्यात गुडघाभर. आक्काच्या सासऱ्यांचं भाताचं खाचर नदीच्या कडंला, आंबेमोहर पिकायचा. पुढं दोन-चार वर्षांत पाणी अडलं आणि खाचर, नदी, नदीवरची वाट, सगळं खाली गेलं. धरणात साडेआठ टीएमसीच्या आसपास पाणी मावतं. ते पाणी नदीनं खाली येतं, रावेतला उचलतात आणि पिंपरी-चिंचवडला देतात. मी भोसरीच्या शेडमध्ये नळाचं पाणी प्यायचो ते आक्काच्या खाचरावरनं आलेलं असायचं. तेव्हा मला ते कधी सुचलं नाही.

धरणानं आक्काच्या वाडीचं असं झालं, की समोरचा काठ दिसतोय, पलीकडं काळे कॉलनीचे दिवे लागलेले दिसतायत, पण जायचं तर डोंगराच्या कडेकडेनं अख्खा दिवस चालायचं. वाडीत एक जुनी लाकडी नाव होती. ती दोन पावसाळ्यांत कुजली. माणसं अर्ज घेऊन हिंडली. एका कार्यालयातनं दुसऱ्या, दुसऱ्यातनं तिसऱ्या. एका साहेबानं विचारलं म्हणे, नाव मागताय तर पोहता येतं का तुम्हाला? मग वाडीनं ठरवलं, वर्गणी काढायची आणि आपली आपण करून घ्यायची.

मी १९७७ ला दहावी झालो. पुढं शिकायची ऐपत नव्हती, भोसरी एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये हेल्पर लागलो. दरवाजे, खिडक्या, कंपन्यांचे स्टँड, पाण्याच्या टाक्या. दाजी मला शोधत शेडवर आले ते १९७९ च्या उन्हाळ्यात. दाजी म्हणजे आक्काचे मालक, उंच, सावळे, हसताना खाली बघणारे. कमरेच्या पिशवीत वर्गणीचे पैसे, चिल्लरसुद्धा. शेठला म्हणाले, "टाकी करता तशी नाव करून द्या. पानी आत ऱ्हातं ते भाईर ऱ्हायला पायजे, येवढंच."

शेठ हसला, पण भला माणूस. पत्र्याचे पैसे घेतले, मजुरी निम्मी लावली. कामाच्या वेळंनंतर आम्ही तिघं ती करायचो. चौदा फूट लांब, मधी साडेचार फूट रुंद, तळ सपाट, कडंला अँगल, दोन्ही टोकांना हवाबंद कप्पे, म्हणजे उलटली तरी बुडू नये. वेल्डिंगच्या प्रत्येक जोडावर रॉकेल लावून पलीकडून खडूची भुकटी मारायची. रॉकेल झिरपलं की खडू ओला दिसतो, तिथं भोक. चार भोकं निघाली, ती बुजवली. वरनं लाल ऑक्साइड दोन हात. आम्ही चौघांनी उचलायला बघितली तर हलेना. पावणेतीनशे किलोच्या पुढं भरली असणार.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात नाव तयार झाली. आता ती पोचवायची. एक टेम्पोवाला दुसऱ्याच दिवशी यायला तयार होता. त्यानं भाडं सांगितलं नव्वद रुपये. दुसरा एक जण म्हणाला, दोन आठवड्यांनी मला कामशेतहून माल भरून आणायचाय, जाताना गाडी रिकामीच जाणार, पन्नासात टाकतो. मला महिन्याला पगार दीडशे. वर्गणीतले पैसे संपत आलेले. मी हिशेब केला, चाळीस रुपये वाचतायत, चाळीस रुपयांत दोन वल्ही न् दोर येईल. दाजींना निरोप धाडला, रंग वाळायचाय, दोन आठवडे थांबा. रंग वाळला होता. हे मी आजवर कुणाला बोललो नाही, आक्कालाही नाही.

चौथ्या दिवशी दाजींना भाताच्या आवणीत घोणस चावली. सकाळची वेळ. वाडीतल्यांनी झोळी केली, बांबूला बांधली आणि डोंगराच्या कडंनं निघाले. पाऊस असा की पुढचा माणूस दिसेना. दोन ओढे भरून वाहत होते, ते उतरेपर्यंत थांबावं लागलं. तळेगावला पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. डॉक्टरांनी हात लावून बघितला आणि काही बोलले नाहीत. नाव असती तर समोरच्या काठाला अर्ध्या तासात लागले असते. तिथनं गाडी मिळाली असती. वाचले असते का, ते देवाला माहीत. घोणशीचं वीष वाईट. पण सकाळी सकाळी दवाखान्यात पोचले असते, एवढं मला ठाऊक आहे.

मी चालत मातीला गेलो. नावेचं तेव्हा कुणाच्याच डोक्यात नव्हतं. पण भाडं ठरलं होतं, टेम्पोवाला त्याच्या कबुलीच्या दिवशी शेडवर येऊन उभा राहिला. योगायोग असा, की दुसऱ्या दिवशी दाजींचा दहावा. आमच्याकडची माणसं जायचीच होती. आम्ही नाव भरली.

हौदा आठ-नऊ फुटांचा आणि नाव चौदा फुटी. आधी ती सरळ ठेवली, मागं पाच फूट बाहेर लोंबत. शेंड्याला लाल फडकं बांधलं. निगडी, देहूरोड, तळेगाव, सपाटीवर काही वाटलं नाही. कामशेत सोडून आत वळलो, चढ लागला आणि पुढचं चाक तरंगायला लागलं. रस्ता ओला. चाक नुसतं जागच्या जागी फिरायचं, टेम्पो मागं सरकायचा. टेम्पोवाला शिव्या द्यायला लागला. मग मला काहिल आठवली. आम्ही नाव उतरवली, पावसातच. हौद्यात मागं रिकामी पोती आणि एक जुना टायर टाकला, केबिनच्या टपावर घोंगडी अंथरली, आणि नाव पालथी करून तिचं नाक टपावर चढवलं. आता वजन पुढं आलं. दोन सोल आडवे, एक उभा, नाकापासनं पुढच्या बंपरला. गाडीला कडबा बांधताना जशी आडणी लावून पीळ देतात तसा पीळ दिला. चाक जमिनीला टेकलं आणि टेम्पो चढला. दोन आठवडे आधी हे सुचायला माझं काही गेलं नसतं.

धरणाच्या काठाला धक्का नव्हता, चिखल होता. बाभळीचे गोल ओंडके खाली घालून वीस-पंचवीस माणसांनी नाव सरकवत पाण्यात नेली. नारळ कुणी फोडायचा यावर कुणी बोललं नाही. फोडलाच नाही. त्या नावेत पहिल्यांदा बसली ती दहाव्याला आलेली माणसं, न्हावी आणि भटजी. मी नाकाशी बसलो होतो. पलीकडच्या काठाला आक्का उभी होती, दोन लेकरं घेऊन. तिनं नावेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि लेकरांना घेऊन घराकडं वळली.

ती नाव वाडीनं वीसेक वर्षं चालवली. तीत बाळंतिणी गेल्या, शाळेची पोरं गेली, भाताची पोती गेली, नवऱ्यामुलीसुद्धा गेल्या. पावसाळ्याआधी दरसाल मी जाऊन तिला रंग द्यायचो, तळ ठोकून बघायचो. पुढं घुसळखांबाकडनं रस्ता सुधारला, जीप यायला लागल्या. दरम्यान किल्ले बघणारी पोरं तिकोना बघून ब्राह्मणोलीला यायची आणि तिथनं लाँचनं केवऱ्याला उतरून तुंगला जायची. म्हणजे ज्यांना नाव हवी होती त्यांना रस्ता मिळाला आणि ज्यांना रस्ता होता त्यांना नावेची हौस लागली. तळ गळायला लागला तेव्हा आमची नाव मधोमध कापली. अर्धी भंगारात गेली. अर्धी आक्काच्या गोठ्यापुढं आहे, म्हशी पाणी पितात.

पवनेच्या पाण्याचं पुढं काय झालं ते बहुतेकांना ठाऊक असेल. धरणातनं शहराला बंद नळानं पाणी न्यायचं ठरलं, मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला, आणि ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ एक्सप्रेस-वेवर गोळीबार झाला. तीन माणसं गेली. त्यात एक बाई होती. आक्काच्या वाडीचं कुणी नव्हतं, पण त्या दिवशी तिच्या घरात चूल पेटली नाही.

चौक सुटला. तळेगाव रस्त्यानं जाताना सुदुंबरे लागलं. संताजी जगनाडे महाराजांचं गाव. तिथं आता राष्ट्रीय आपत्ती दलाची पाचवी बटालियन असते. पूर आला की इथनं जवान निघतात, ट्रकमध्ये रबरी बोटी घड्या घालून. पाण्यापाशी गेल्यावर हवा भरायची. घडी घालता येणारी नाव, हे आजोबांना सांगितलं असतं तर त्यांनी मला वेड्यात काढलं असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर बुडालं तेव्हा ठिकठिकाणच्या बोटी अशाच रस्त्यानं गेल्या. पण पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला ८ तारखेला, मदत पोचायच्या आधी, गावकरी होते त्या बोटीत कोंबून बसले. बोट उलटली, सतरा जणांचा जीव गेला. टीव्हीवर ते बघताना मी उठून बाहेर अंगणात जाऊन बसलो.

पोरगं मला वाटंत समजावून सांगत होतं. २०१९ च्या नव्या कायद्यानं माल हौद्याच्या बाहेर आला तर वीस हजार दंड. पूर्वीसारखं लाल फडकं बांधून भागत नाही. म्हणून त्यानं डोकं चालवलं. गाडी नाकापासनं शेपटापर्यंत सतरा फूट, होडी चौदा फूट. ती हौद्यात मावत नाही, पण टपावर नाक ठेवून तिरकी चढवली तर पुढंही बाहेर येत नाही न् मागंही नाही. त्यासाठी केबिनच्या मागं लोखंडी चौकट वेल्ड करून घेतली, तिच्यावर रबरी नळी चिरून बसवली. दोरी नाही, पट्टे. पट्टा सपाट राहिला तर वाऱ्यानं फडफडतो आणि गाणं म्हणतो, म्हणून त्याला एक पीळ द्यायचा. मी म्हटलं, हे तुला कुणी शिकवलं? म्हणाला, मोबाईलवर बघितलं. मी काही बोललो नाही.

त्या प्लास्टिकच्या होड्या, त्यांना कयाक म्हणतात, छपरावरची काळी पाण्याची टाकी जशी तापलेल्या साच्यात फिरवून करतात तशाच करतात. दाजींचं बोलणं खोटं नव्हतं तर. टाकी आणि नाव एकाच घरची. आणि ती पांढरी शिडाची होडी लेझर नावाची. मुंबईहून जुनी आणलेली, आमच्याकडं कुरुळीजवळ एका फायबरच्या शेडमध्ये दुरुस्त झालेली. कॅनडातल्या ब्रूस कर्बी नावाच्या माणसानं १९७० च्या सुमारास ती काढली, आणि काढतानाच ठरवलं होतं की मोटारीच्या टपावर टाकून नेता आली पाहिजे. डोलकाठी दोन तुकड्यांत सुटते, शीड गुंडाळून ठेवता येतं, नुसती होडी जेमतेम साठ किलो. म्हणजे आम्ही भोसरीत पावणेतीनशे किलोचं धूड जोडत होतो त्याच्या नऊ-दहा वर्षं आधी जगात कुणी तरी गाडीवर न्यायचीच म्हणून नाव बनवत होता. लांबी मात्र दोन्हींची तीच, चौदा फूट.

काळे कॉलनीहून पुढं गेलो. आता काठानं सगळीकडं तंबू. होड्या उतरवायच्या आधी मी गाडी आक्काच्या घराकडं घ्यायला लावली. आक्का पंचाहत्तरीची झालीय, कमरेत वाकलीय, कान मात्र शाबूत. काठी टेकत पिकअपपाशी आली. पांढऱ्या होडीवर बोटाच्या पेराने ठोकून बघितलं.

"पत्रा न्हाई का?"

"फायबर आहे आत्या," पोरगं म्हणालं.

"किती जनांनी चडवली?"

"दोघांनी. मी आन् दादांनी."

तिनं कयाककडं बघितलं. "ह्यात किती मान्सं बसत्यात?"

"एक. त्या लाल्यात दोन."

"येकट्यानं पान्यात जाऊन काय करत्यात?"

पोरग्याला काही सांगता येईना. ते म्हणालं, फिरत्यात. आक्कानं मान हलवली. मग भाडं किती मिळालं ते विचारलं. पोरानं साडेतीन हजार सांगितलं. आजच्या आज पोचवायच्या म्हणून पाचशे जास्त घेतले, असंही सांगितलं. आक्का गाडीला टेकून उभी राहिली. गोठ्यापुढच्या अर्ध्या नावेत म्हैस तोंड घालून पाणी पीत होती, तिच्याकडं बघत तिनं मला विचारलं,

"तवाचा तो पयला टेम्पोवाला किती मागत व्हता रं?"

मी म्हटलं, "नव्वद."

ती "हूं" म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.